रस्ता सुस्थितीत

रस्ता इतका चांगला दिसला की मी हबकलेच.

सकाळचे साडेआठ वाजले होते. तिठ्यावर स्कूटी उभी केली, हेल्मेट काढलं आणि समोर बघतच राहिले. कुडाळ-मालवण रस्त्यावरून फुटून खाडीकाठच्या आमच्या वाडीपर्यंत जाणारा हा आठ किलोमीटरचा रस्ता. मागच्या आठवड्यापर्यंत त्यावरून जायचं म्हणजे हाडं मोजून घ्यावी लागत. आज एकही खड्डा दिसेना. प्रत्येक खड्ड्यात लाल मुरूम भरलेला, पाणी मारून वर धुम्मसाने ठोकून बसवलेला. कडेचं गवत कापलेलं. किलोमीटरच्या दगडांना ताजा चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरूचे पट्टे. कोणी मंत्रीबिंत्री येणार असावा असा थाट.

मंत्री येणार नव्हता. मी येणार होते.

मी गौरजा. बांधकाम खात्यात सहायक आहे, दोन वर्षांपूर्वी परीक्षा देऊन लागले; आठवडाभर कुडाळात राहते, रविवारी घरी जाते. पावसाळा संपला की रस्त्यांना मार्क द्यायचे, हे नोव्हेंबरातलं माझं काम. दर शंभर मीटरला थांबायचं, फोटो काढायचा, भेगा किती, खड्डे किती, खडी सुटलीय का, कडा तुटल्यात का ते मोबाइलमध्ये भरायचं. शेवटी तो मोबाइल रस्त्याला शंभरपैकी मार्क देतो. चाळीसच्या खाली आला तर यंदाच्या डांबरीकरणाच्या यादीत. चाळीसच्या वर आला तर पुढच्या तपासणीपर्यंत, म्हणजे तीन वर्षं, गप्प बसायचं.

आणि हे चुना-गेरूचं काम कुणाचं ते मला विचारायचीही गरज नव्हती. या रस्त्याचा मैलकुली सत्यवान. रोज रस्ता पायी फिरायचा, गटार मोकळं करायचं, खड्डा दिसला की भरायचा, हे मैलकुलीचं काम. सत्यवान ते बत्तीस वर्षं करत होता. महिनाअखेरीला निवृत्त होणार होता. आणि तो माझा बाप.

साहेबांना मी आधीच सांगितलं होतं, माझ्या वडिलांचा रस्ता मला नको, दुसऱ्या कुणाला द्या. साहेब म्हणाले, "दुसरं आहे कोण? तूच जा, आणि बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठव. पाचला पोर्टल बंद."

हाच तो बुधवार. चूक माझीच. रविवारी जेवताना मी बोलून गेले होते, "बाबा, बुधवारी मी तुमच्या रस्त्यावर तपासणीला येणार." बाबांनी भाताचा घास तसाच हातात धरून माझ्याकडे बघितलं होतं. मला वाटलं, कौतुकाने बघतायत. पुढचं काही माझ्या डोक्यात आलं नाही. दीड शहाणी मी.

तिसऱ्या किलोमीटरला बाबा भेटले. इस्त्री केलेला खाकी शर्ट, डोक्यावर टोपी, बाजूला टिकाव, घमेलं आणि धुम्मस ओळीने मांडलेलं. मला बघून ते चक्क ताठ उभे राहिले.

"येवा, साहेब," ते हसत म्हणाले. "बघ माझो रस्तो. पोटातला पाणी हलाचा नाय."

"बाबा, ह्या काय केलात तुमी?"

"काय म्हणजे? तपासणी मां आज? तीन दिवस राबतंय. त्रेसष्ट खड्डे भरलंय."

"ही तसली तपासणी नाय ओ! ह्यात रस्तो जितको वायट, तितके मार्क कमी. मार्क कमी पडले तरच डांबर गावताला!"

बाबांनी टोपी मागे सारली. "म्हणजे नापास होतलो तेका बक्षीस? खंयची गो ही शाळा?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर दिव्याची हनुवटी होती.

दिव्या माझी धाकटी बहीण. सावंतवाडीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. सकाळी सातला तिची हॉस्पिटलात हजेरी लागते. पूर्वी पावणेसहाची एसटी वाडीपर्यंत यायची. जुलैमध्ये त्या एसटीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि डेपोने लेखी कळवलं, रस्ता होईपर्यंत गाडी येणार नाही. तेव्हापासून बाबा तिला रोज पहाटे मोटरसायकलवरून तिठ्यापर्यंत सोडतात. सप्टेंबरात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दोघं आडवी झाली. बाबांना खरचटलं, दिव्याच्या हनुवटीला चार टाके पडले. त्या महिन्यात तिची हजेरी इतकी बुडाली की कॉलेजने पत्र पाठवलं, आणखी खाडे झाले तर वर्ष फुकट. म्हणजे पुढच्या पावसाच्या आत रस्ता आणि एसटी, नाहीतर दिव्या घरी. एवढं साधं गणित होतं, आणि माझ्या बापाने त्यावर मुरूम पसरून धुम्मस केला होता.

मी कामाला लागले. पहिले वीस टप्पे भरले. मोबाइलने तेवढ्याचे मार्क दाखवले, सत्तावन्न. पुन्हा एकदा भरले. सत्तावन्न. तो मोबाइल पाण्यात फेकून द्यावासा वाटला. मग झाडाखाली बसून सूचनांचं पुस्तक उघडलं. एकेक ओळ बोट फिरवून वाचत गेले. शेवटी सापडलं. नुसत्या मातीमुरुमाने भरलेला खड्डा हा खड्डाच धरावा, मात्र एकतर खोली मोजलेली हवी, किंवा तोच खड्डा वारंवार भरल्याची मैलकुलीच्या नोंदवहीत नोंद हवी.

माझ्या जिवात जीव आला. "बाबा, नोंदवही! नोंदवही खंय आसा?"

पिशवीतून त्यांनी ती काढून दिली. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, पुट्ठ्याला कापडाची पट्टी लावलेली. बाबांचं अक्षर मोठं छान आहे, शाळेत त्यांना बक्षीस होतं. मी आजपासून मागे मागे जात पानं चाळली.

रस्ता सुस्थितीत. खड्डे निरंक.

रस्ता सुस्थितीत. खड्डे निरंक.

पान उलटलं, तेच, एकही खड्डा नाही. महिना उलटला, तेच. अख्खा पावसाळा रस्ता सुस्थितीत. मग माझ्या मनात आलं आणि मी अठरा सप्टेंबर काढला, दिव्या पडली तो दिवस. त्या दिवशी बाबांच्या कोपराला पट्टी होती, तरी अक्षर एवढंही हललं नव्हतं. रस्ता सुस्थितीत. खड्डे निरंक.

"बाबा," मी ओरडलेच, "त्या दिवशी तुमचा चेडू रक्तान भरला होता आणि तुमी ह्या लिवलात?"

बाबांनी टोपी काढली. "खड्डो लिवलो की साहेब इचारतंत, भरलो कित्या नाय? डांबर कोण देयना, मुरूम पावसात टिकना नाय. मगे कामचुकार कोण? मैलकुली. माका आमच्या वरच्या मिस्त्रीन पयल्याच दिवशी सांगितल्यान, भरूचो आणि निरंक लिवचा. बत्तीस वर्षां तसाच केलंय."

"म्हणानच आमच्या रस्त्याक कधी डांबर गावला नाय! कागदार तुमचो रस्तो एक नंबर. कोण कित्या देतलो डांबर?"

हे बोलल्यावर मला माझाच राग आला. बाबांचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्यांच्या मुस्काटात मारली. शेजारच्या तालुक्यातले रस्ते दोनदोनदा डांबरी झाले, आमचाच का नाही, हे कोडं त्यांना वर्षानुवर्षं सुटलं नव्हतं. ते चुलीजवळ बसून राजकारण्यांना शिव्या देत. आज उत्तर मिळालं, तेही पोटच्या पोरीकडून.

साहेबांचा फोन आला. "कुठवर आलं?" मी म्हटलं, "चालू आहे, सर." साडेअकरा वाजले होते.

"आता एकच उपाय आसा," मी म्हटलं. "खड्डे उघडूचे. हात जाईल इतके. खोली मोजूची, फोटो काढूचो."

"माझ्या हातान मी रस्तो खणू?" बाबांचा आवाज चढला. "बत्तीस वर्षांत रस्त्यार टिकाव मारूक नाय मी. पायप टाकूक इलेले तेंका पण हाकलून लायलंय. तू खण. मी नाय खणूचंय."

"बरां," म्हणून मी टिकाव उचलला. कॉलेजात टिकावाचं चित्र काढलं होतं, हाती कधी धरला नव्हता. पहिला घाव मुरुमावर नाही, शेजारच्या शाबूत डांबरावर बसला आणि खडीचा कपचा उडाला. दुसरा माझ्याच बुटाला चाटून गेला. पाचव्या घावाला तळहात सोलला. बाबा पाठ करून उभे होते, पण कान माझ्याकडे होते. त्यांना वाईट रस्ता सहन होत असेल, वाईट काम सहन होत नाही.

"असो धरतत टिकाव?" ते फिरले. "बरा डांबर होता ता पण फोडलंस! बाजूक हो."

आणि त्यांनी टिकाव हातात घेतला.

खड्ड्याच्या मधोमध, एक हात रुंद, काठ न दुखवता. मुरूम बाहेर काढून ते बाजूला सरकत. मी पट्टी आत धरी. पट्टी लावायच्या आधीच ते आकडा सांगत. "सात इंच. ह्यो आठराच्या सालातलो." "पाच. ह्यो फणसाच्या मुळान झालो." "नऊ. ह्येच्यात एसटीचो पाटो मोडलो." पट्टी त्यांना एकदाही खोटं पाडू शकली नाही. रस्त्यावरचा एकेक खड्डा या माणसाला तोंडपाठ होता आणि वहीत सगळीकडे निरंक.

वाटेने जाणारे थांबून बघत होते. आमच्या वाडीतल्या भिकाजीने रिक्षा थांबवली. "सत्यवानानू, काल भरलात, आज उखळतास? डोक्याक ऊन लागला काय?" बाबांनी मान वर केली नाही. मीच म्हटलं, सरकारी काम आहे. भिकाजी म्हणाला, "मगे बरोबर आसा," आणि गेला.

दोन वाजले, तीन वाजले. जेवण दोघांचंही राहिलं. मी सारखं घड्याळ बघत होते, सारखं मोबाइलची बॅटरी बघत होते, फोटो काढताना धीर नव्हता म्हणून दोनदोन काढत होते. पाचव्या किलोमीटरला वळणावर बाबांनी टिकाव खाली ठेवला. दिव्या पडली तो हा खड्डा. तिथे ते गुडघ्यावर बसले आणि हाताने मुरूम काढू लागले. तळ लागला तरी ते आकडा बोलले नाहीत. मी पट्टी धरली. अकरा इंच.

"चेडवाक दुखला असताला मां," ते एवढंच म्हणाले, इतक्या दिवसांनी.

मला रडू आलं. मी तिथेच, रस्त्यात उभी राहून रडले आणि मग फोटो काढला.

शेवटचा खड्डा झाला तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. खाली खाडीकाठी रेंज नसते, म्हणून स्कूटी घेऊन वर सड्याच्या माळावर चढले. मार्क आले चौतीस. आठ मिनिटं राहिली असताना सगळं पोर्टलवर गेलं. घरी येऊन दिव्याला सांगितलं तर तिने माझा सोललेला हात धरून त्याला हळद लावली आणि विचारलं, "मगे एसटी येतली?" मी म्हटलं, येतली. मला काय ठाऊक, पुढे काय वाढून ठेवलंय.

आठ दिवसांनी पत्र आलं. वरच्या तपासनिसाने लिहिलं होतं: फोटोंमध्ये खड्ड्यांशेजारी ताजी माती दिसते. नोंदवहीत खड्डे निरंक आहेत. गुण कमी यावेत म्हणून रस्ता मुद्दाम खणल्याचा संशय येतो. सहायकाने तीस तारखेपर्यंत खुलासा करावा, तोवर गुण स्थगित.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही, पण भानगडीला भिऊन असतो. "गौरजा, बापाचा रस्ता, लेकीची तपासणी. माझ्याच गळ्यात येणार हे. तू सत्तावन्न करून टाक आणि विषय संपव. नोकरी नवीन आहे तुझी."

खुलासा लिहायला बसले की पहिल्या वाक्यालाच अडायचे. खरं लिहायचं तर लिहावं लागणार होतं, की माझ्या वडिलांनी बत्तीस वर्षं खोट्या नोंदी केल्या. तेही ते निवृत्त होत असताना. खोटं लिहायचं तर दिव्याचं वर्ष जाणार. रात्री झोप नाही, दिवसा जेवण नाही. रविवारी घरी अंगणातून विहिरीपर्यंत आणि विहिरीवरून अंगणात अशा मी इतक्या फेऱ्या घातल्या की आई म्हणाली, "बस गो एका जाग्यार, माका घेरी येता." शेवटी तिला सांगितलं, आणि बजावलं की बाबांना कळता कामा नये. आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मी कसं विसरले कोण जाणे.

तीस तारीख उजाडली तेव्हा माझ्या पिशवीत दोन कागद होते. एकावर चौतीस, एकावर सत्तावन्न. पाचच्या आत एक द्यायचा होता, आणि चारला बाबांचा निरोप समारंभ.

ऑफिसच्या हॉलमध्ये पंधरावीस खुर्च्या, टेबलावर शाल, नारळ आणि हार. आई नवं लुगडं नेसून आली होती. दिव्या कॉलेजातून परस्पर आली, हनुवटीवर तो पांढरा व्रण. साहेबांनी बाबांची नोंदवही मागवून घेतली होती आणि ती हातात धरून ते बोलले. "अशी माणसं आता होणे नाही. ही वही बघा. शेवटच्या पानापर्यंत एकच ओळ, खड्डे निरंक. बत्तीस वर्षांत सत्यवानांच्या रस्त्यावर एक खड्डा राहिला नाही."

टाळ्या वाजल्या. मी खाली बघत होते. शाल पांघरून बाबा उभे राहिले. ऑफिसात ते नेहमी पुस्तकी मराठी बोलत, मोजूनमापून.

"साहेब, आपण माझा सत्कार केलात, त्याबद्दल मी आपला आभारी आहे," ते म्हणाले. मग साहेबांच्या हातातल्या वहीकडे बघितलं. "पण साहेबानू, खड्डे आसत. त्रेसष्ट आसत. मी मुरूम घालून झाकलंय, बत्तीस वर्षां झाकत इलंय. माझ्या चेडवान उघडून मोजल्यान. तेना खोटा काय केल्यान नाय. खणलंय मी, ह्या हातांनी."

कुणीतरी खुर्ची सरकवली. साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "सत्यवान, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? या नोंदी खोट्या म्हणजे... आज शेवटच्या दिवशी?"

"आज शेवटचो दिवस आसा म्हणानच, साहेब. उद्यापासून वही माझ्या हातात नाय." त्यांनी वही मागितली. "आजची नोंद रवली हा."

साहेबांनी वही पुढे केली. बाबांनी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवली, खिशाचं पेन काढलं, आणि आधी पानं मागे उलटू लागले. अठरा सप्टेंबरावर थांबले. साहेब हळू आवाजात म्हणाले, "जुनी नोंद खोडता येत नाही, सत्यवान."

बाबांनी मान डोलावली. आजच्या पानावर आले आणि लिहू लागले. हार गळ्यात तसाच होता, त्याची फुलं पानावर टेकत होती, ती ते डाव्या हाताने बाजूला करत होते. लिहून झाल्यावर वही साहेबांकडे न देता त्यांनी माझ्याकडे दिली.

त्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: किमी शून्य ते आठ. खड्डे त्रेसष्ट, खोली अकरा इंचांपर्यंत. यापूर्वी वेळोवेळी मुरुमाने भरले, टिकले नाहीत. रस्ता वाईट आहे. तसेच दिनांक अठरा सप्टेंबर रोजी पाचव्या किलोमीटरवर माझी मुलगी पडली, ती नोंद राहून गेली होती.

मी सत्तावन्नाचा कागद फाडला आणि चौतीसचा कागद वहीसकट साहेबांसमोर ठेवला. त्यांनी ती नोंद दोनदा वाचली, दिव्याकडे बघितलं आणि खाली सही केली.